फरीदाबादचे शून्य

दिल्लीहून मथुरेकडे जाताना वाटेत लागणाऱ्या फरीदाबादचा दूरध्वनी-संकेत ०१२९ असा आहे. त्यातील आरंभीच्या शून्यास काही मोल आहे काय? गणिताच्या दृष्टीने मुळीच नाही. पण परगावाहून तारेच्या दूरध्वनीवर बोलू पाहणाऱ्याने ते गाळले, तर त्याची हाक फरीदाबादेस पोचणार नाही. हा संकेत संख्येसारखा दिसतो इतकेच. वस्तुतः ते एक नाव आहे, आणि नावांची बेरीज कोणी करीत नाही.

हा भेद संगणकास कसा कळावा? ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांचा. या भाषेत अवतरणचिन्हांत लिहिला तो मजकूर, उघडी लिहिली ती संख्या. बरोबरीची दोन चिन्हे जोडून ‘०१२९’ हा मजकूर आणि १२९ ही संख्या ताडून पाहिली, तर भाषा आधी मजकुराची निमूटपणे संख्या करते. शून्य गळते आणि उत्तर येते, ‘समान’. दोन्हीकडे मजकूरच असेल, तर मात्र रूपांतर होत नाही. ‘०१२९’ आणि ‘१२९’ भिन्न ठरतात. म्हणजे १२९ ही संख्या दोघांशी समान, पण ते दोघे परस्परांशी असमान! युक्लिडला हे खचितच रुचले नसते.

१९९९ च्या प्रमाणित आवृत्तीत तीन चिन्हांची तुलना आली. ती रूपांतर करीतच नाही. प्रकार निराळा, की उत्तर नकाराचे. जाणते लोक तीच वापरतात.

शेजारच्या गुरुग्रामची गत अधिक मौजेची आहे. त्याचा ०१२४ हा संकेत उघडा लिहिला, तर जुन्या नियमाने तो अष्टमान पद्धतीतला समजला जातो व त्याचे ८४ होतात. अष्टमानात ९ हा अंकच नसल्यामुळे फरीदाबाद तेवढे बचावते आणि १२९ वर थांबते. भाषेच्या कडक शिस्तीच्या रीतीत असे लिहिणेच निषिद्ध आहे.

येथवर अंक इंग्रजी वळणाचे धरले आहेत. तोच मजकूर देवनागरी अंकांत दिला, तर जावास्क्रिप्ट त्यास संख्या मानावयासच तयार होत नाही. पायथन ही दुसरी भाषा मात्र, पूर्णांक करण्यास सांगितले असता, देवनागरी १२९ बिनतक्रार वाचते.