निम्मे पैसे, निम्मा किराणा

घाटघर-शेंडी-कोतूळकडून मिळेल त्या गाडीने आलेल्या मायबहिणींनो,

गरिबाच्या हाती थेट पैसा द्यावा का, यावर बोलायला आपण राजूरला आलात. स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत. मांडवात पंखे कमी आहेत, वारा मात्र भंडारदऱ्याचा आहे.

आमच्या अकोले तालुक्याला हा विषय नवा नाही. भाताची आवणी होते तेव्हा घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं यायला दिवाळी उजाडते. त्या दिवसांसाठी आदिवासी कुटुंबांना १९७८ पासून सरकारचं खावटी कर्ज होतं. कोरोनात, २०२० साली, सरकारने कर्जाऐवजी अनुदान जाहीर केलं. कुटुंबाला ४,००० रुपये, पण त्यातले २,००० खात्यावर आणि २,००० चा किराणा: कडधान्यं, डाळी, तेल, साखर, तिखट-मीठ. निर्णय झाला २०२० मध्ये, किराणा वाटेपर्यंत २०२१ उजाडलं.

सगळे रोख दिले तर दारूत जातील, अशी कुजबुज तेव्हाही होती. मला राग येतो तो याचा. बाईला घरात किती तेल लागतं हे मंत्रालयाला कळतं, तिला कळत नाही? तिला तेव्हा युरियाची गोणी हवी असेल, नाहीतर दुकानदाराची उधारी फेडायची असेल.

आता वारं रोखीकडे फिरलंय. २६ ऑक्टोबर २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीत, शेतकऱ्याच्या खात्यावर थेट पैसे देणारी ‘नमो शेतकरी’ योजना सुरू झाली. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये बायांच्या खात्यावर आले. म्हणून रेशन बंद करा म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमणार नाही. डाळीचा भाव वाढतो, १,५०० तेवढेच राहतात.

आणि पैसे खात्यावर येणं म्हणजे हातात येणं नव्हे. आवणी करून झिजलेला अंगठा बँकेच्या यंत्रावर उमटत नाही. आजी पदराला बोट पुसते, पुन्हा टेकवते, पुन्हा तेच. “आजी, उद्या या.” उद्या येणं म्हणजे एक रोज बुडाला, वर जीपचं भाडं. केनियात गिव्हडायरेक्टली ही संस्था मोबाईलवरच पैसे पाठवते म्हणतात. आमच्या वरच्या वाड्यांत आधी रेंज शोधत टेकाडावर चढावं लागतं.

दुपारच्या सत्रात बँकेची मंडळी आहेत. आमच्या बाया अंगठ्याचं विचारायला उठल्या की वेळ संपल्याची घंटा वाजवू नये, एवढी अध्यक्षांना विनंती. पंगत एक वाजता बसेल. नागलीची भाकरी आहे, पाहुण्यांनी लाजू नये.