शाखेपासून सत्तेपर्यंत

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



मी डिप्लोमावाला अभियंता, रुळांचा माणूस. राजकारणावर बोलायचा अधिकार एवढाच, की लहानपण मुंबईत गेले आणि नोकरी चेन्नईत. दोन्ही शहरांत लहान पक्ष महापालिकेच्या दारातूनच मोठे झाले.

द्रमुकची स्थापना १९४९ची. १९५९ मध्ये तो मद्रास महापालिकेत सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि १९६७ मध्ये राज्याची सत्ता मिळाली. शिवसेना १९६६ची. पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिकेत यश, १९६८ मध्ये मुंबईत १४० पैकी ४२ जागा. मंत्रालय मात्र १९९५ मध्ये, तेही युतीने. मुख्यमंत्री झालेले मनोहर जोशी आधी नगरसेवक व महापौर होते.

आधी महापालिकाच का? विधानसभेच्या मोठ्या मतदारसंघात लहान पक्षाची मते विरून जातात. वॉर्डात तीच मते दाट असतात, चार चाळी एकवटल्या तरी निकाल फिरतो. शिवाय उमेदवार जिन्यात रोज भेटणारा. शाखा म्हणजे काय, तर एक फलक, दोन बाकडी आणि संध्याकाळी हमखास सापडणारा शाखाप्रमुख. नळाला पाणी नाही, रेशनकार्ड अडले, रात्री रुग्णवाहिका हवी. माणूस आधी तिथे जाई. काम झाले नाही तरी कोणी ऐकून घेतले, हेही थोडे नसते. इकडे द्रमुकची वाचनालये होती. तिथे वृत्तपत्र मोठ्याने वाचले जाई, निरक्षरही ऐकत.

पण नुसती गटारे साफ करून पक्ष वाढत नाही, असे माझे मत. ‘आपला माणूस’ ही भावना लागते, आणि तिला दुसरी बाजू असते. इकडे १९५०च्या दशकात स्टेशनांच्या पाट्यांवरील हिंदी अक्षरांना डांबर फासले गेले (रंगवायचे काम अर्थात आपल्याच खात्याचे!). तिकडे मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम झाली. आज समोर तमिळ मित्र बसले आहेत, म्हणून हे वगळणे मला बरे वाटले नाही. नोकऱ्यांत मराठी मुलांना जागा मिळाव्यात ही मागणी मला रास्त वाटते. उडप्याच्या हॉटेलवर दगड मारणे नाही. भाड्याचे घर शोधताना आपणही येथे परकेच होतो.

२०२२ मध्ये सेना फुटली. चिन्हाचा वाद निवडणूक आयोगापुढे गेला, पण ठाण्यात कार्यकर्ते भिडले ते शाखेच्या ताब्यावरून.