कंबरदुखी हे सोंग नव्हे
(दिघोरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहे. तरीही शरीरातील एका अल्पपरिचित घटकाविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो. कारण त्याच्या अज्ञानापायी माझ्या हातून एक अन्याय घडला आहे.

आपल्या कानाचा वरचा भाग चाचपून पाहा. हाडाहून मऊ, मांसाहून ताठ असा जो पदार्थ हाती लागतो, ती कूर्चा. तिचाच एक अत्यंत चिवट प्रकार म्हणजे तंतुमय कूर्चा. गुडघ्यातील चंद्रकोरीसारख्या गाद्या तिच्याच असतात. मणक्यांमधील 23 चकत्यांचे बाहेरचे कडेही तिचेच. बाजेची सुतळी जशी तिरपी, एकमेकींस छेदीत जाते, तसे या कड्याचे तंतू एका थरात एकीकडे, तर पुढील थरात उलट दिशेस कललेले असतात. म्हणूनच ते दाब, ताण व पीळ सोसून आतील मऊ गर जागी ठेवते.

परंतु या कड्याच्या केवळ बाहेरच्या काठाशीच रक्तवाहिन्या पोहोचतात; आतील भागास पोषण झिरपूनच मिळते. यास्तव त्याची इजा फार सावकाश भरते. दिवसभराच्या भाराने चकतीतील पाणी घटते, ते रात्रीच्या निद्रेत पुन्हा भरते. कडे फाटून गर बाहेर सरकला आणि मज्जातंतूवर दाब आला, की कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. हे 1934 साली अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनी दाखवून दिले.

आता आपल्या बांध्यांकडे पाहा. रोवणीच्या दिवसांत आपल्या स्त्रिया चिखलात दिवसभर वाकून असतात. अशाच एका रोवणीत माझ्या सहधर्मचारिणीने कंबर धरली. मी तिला म्हणालो, “हे कामचुकारपणाचे सोंग आहे.” ती पुन्हा बांधीत उतरली. चौथ्या दिवशी तिचा पाय बधिर झाला. ती पुढे बरी झाली. परंतु माझे ते शब्द आजही मला बोचतात.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. रोवणीत मधूनमधून सर्वांनी पाठ सरळ करावी. ओझे गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचलावे. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत बेताच्या हालचालीने शमते. फार दिवस अंथरुणास खिळून राहणे हितावह नाही. मात्र पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर कोणाकडूनही पाठ मोडून न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि घरातील सून ‘कंबर दुखते’ म्हणाली, तर प्रथम तिच्यावर विश्वास ठेवावा. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.