मोठी फाइल अर्ध्यावर का अडते?

शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतीत नवे यंत्र आले म्हणजे त्याचा गाजावाजा होतो. पण कोपऱ्यात एखादा पंचवीस वर्षांचा युनिक्स संगणक निमूटपणे मालाचे हिशेब सांभाळीत बसलेला असेल, तर तिकडे कोणी पाहत नाही. ते हिशेब दुसऱ्या जुन्या संगणकावर न्यायचे ठरले की मग त्याची आठवण होते. फाइल निघते, रात्रभर चालते आणि मध्येच अडते.

अशा वेळी पहिला दोष येतो तारेवर. तार उपसण्याआधी आपण एक करा: पलीकडे किती बाइट पोहोचले, तो आकडा पाहा. तो २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ असेल, तर तार बिचारी निर्दोष आहे. हा आकडा आला कोठून? शिक्षकमंडळींना हे गणित फळ्यावर मांडता येईल. फाइलमधली जागा मोजायला त्या व्यवस्थेजवळ घरे ३२. एक अधिक-उण्याच्या चिन्हाला गेले, उरली ३१. दोनाचा एकतिसावा घात करा, एक वजा करा. झाला आपला आकडा! त्यापुढे तिला मोजताच येत नाही. १९९६ साली युनिक्स बनविणाऱ्या कंपन्यांनी मिळून मोठ्या फायलींसाठी ६४ घरांचा संकेत ठरविला खरा, पण जुने प्रोग्रॅम होते तसेच राहिले. दोन संगणकांमध्ये फायली वाटून घेणाऱ्या एनएफएसची दुसरी आवृत्ती मध्ये असली, तरी हीच अडचण. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती नाही.

आकडा १०७ कोटींच्या आसपास थांबला, तर गोष्ट निराळी. आयबीएमच्या एआयएक्समध्ये वापरणाऱ्याला मुळातच एवढी मर्यादा घातलेली असते. ‘युलिमिट -एफ’ म्हणून विचारा, ती दिसेल. व्यवस्थापकाला ती वाढविता येते.

मर्यादा वाढत नसेल, तर ‘स्प्लिट’ने फाइलचे शंभर-शंभर कोटी बाइटांचे तुकडे करावेत. मात्र पलीकडे ते ‘कॅट’ने जोडून एक फाइल करू गेलात, की तीच भिंत पुन्हा आडवी! तेथे तुकडे तुकडेच राहू द्यावेत, आणि ‘कॅट’ने ओळीने वाचून थेट उलगडणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करावेत. मध्ये मोठी फाइल बनतच नाही.

आणि मूळ फाइल पुसायची घाई नको. अर्धी फाइलही यादीत आपल्या नावानिशी ऐटीत दिसते. प्रत्येक तुकड्यावर दोन्हीकडे ‘सीकेसम’ चालवा. दोन्ही आकडे जुळले, की पलीकडे एखाद्या जुन्या वर्षाचा हिशेब उघडून शेवटची नोंद वाचून पाहा. मग काय ते पुसा.