जीपखालचा थेंब

जुन्या जीपवाल्यांमध्ये एक विनोद चालतो. जीपमधून तेल गळायचं थांबलं की घाबरावं, कारण आतलं तेल संपलेलं असतं! आमचे अब्बा हा विनोद फार गंभीर चेहऱ्यानं सांगत. १९८९ साली त्यांनी लिलावातून एक जुनी डिझेल जीप घेतली. अंगणात ती उभी राहायची तिथं कायम एक काळा डाग असे. अब्बा गेले, जीप माझ्याकडे आली, तिच्याबरोबर तो विनोदही आला. त्याची किंमत मला २०१६च्या पावसाळ्यात कळली.

कराडहून चिपळूणला येत होतो. शेजारी माझा दहा वर्षांचा मुलगा. कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि एका वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल सरळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हँडब्रेक ओढला. दांडा वर आला, पण गाडीला त्याची खबरच नाही. तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, वेग उतरला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घालून मी जीप थांबवली. मुलगा म्हणाला, "अब्बू, इथं का थांबलो?" मी म्हटलं, "धबधबा बघायला." नशिबानं समोर धबधबा होता.

दोन्ही ब्रेक एकदम कसे गेले? आमच्या मिस्त्रींनी जीपखाली झोपून मला दाखवलं. जुन्या जीपमध्ये पायातल्या ब्रेकचं तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना जातं. एका चाकातला रबरी वॉशर फाटला की सगळं तेल तिथून निघून जातं आणि चारही चाकं निकामी होतात. अशा वेळी हँडब्रेक हाच आधार. तो चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागं, प्रोपेलर शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम असतो. त्या ड्रमला लागूनच एक ऑइल सील. सील झिजलं की गिअरचं तेल ड्रममध्ये उतरतं, लायनर तेलानं माखतात आणि ब्रेक नुसता घसरत राहतो. म्हणजे जो थेंब आम्ही इतकी वर्षं हसण्यावारी नेला, तो आमच्या शेवटच्या ब्रेकवर पडत होता.

मिस्त्री म्हणाले, "भाई, गळतंय हे तुम्हाला माहीत होतं. कुठून गळतंय, हे कधी विचारलंत?"

चारही चाकांचे सिलिंडर, मास्टरचं किट, लायनर, सील आणि मजुरी मिळून ६,४०० रुपये झाले. त्यातलं सील होतं १६० रुपयांचं.

त्या दिवसापासून मी जीपकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. तिचे आजार ठरलेले आहेत. खड्ड्यात चाक आपटलं की स्टिअरिंग थरथरू लागतं. आपण टायर बदलतो, अलाइनमेंट करतो. दोष बहुधा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये, टाय रॉडच्या टोकांत किंवा पाट्यांच्या बुशात असतो. आधी जॅक लावून चाक हातानं हलवून पाहावं, मग पाकीट काढावं. नवं सील घालूनही तेल गळत असेल, तर अॅक्सलची हवा सोडणारी ब्रीदरची नळी चिखलानं बुजली आहे का ते बघावं. आत कोंडलेली हवा तेलाला सीलमधून ढकलते. तो दोष पाच मिनिटांत, फुकटात जातो.

जीपचं मोठं सुख म्हणजे तिचा साधेपणा. १९४१मध्ये अमेरिकी लष्करासाठी ती मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, ती रणांगणावरही दुरुस्त करता यावी अशी. पुढे आपल्याकडे मुंबईत तिची जुळणी होऊ लागली आणि गावोगावच्या मिस्त्रींचे हात तिच्यावर तयार झाले. म्हणून इंजिन थकलं तरी मी घाबरत नाही. ते उघडता येतं. घाबरावं चेसिसला. आमच्या कोकणच्या पावसात चेसिस आतून गंजते आणि वरचा रंग तसाच चकाकत राहतो. जुनी जीप घेणाऱ्यानं रंग न बघता खाली वाकून हातोडीनं चेसिस ठोकून बघावी. आवाज बद्द आला तर निरोप घ्यावा.

कागदांचा खर्चही धरा. १५ वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायला पूर्वी ६०० रुपये लागत. एप्रिल २०२२मध्ये त्याचे ५,००० झाले आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५मध्ये १०,०००. पर्यावरण कर वेगळा. लोक विचारतात, एवढं करून ठेवता कशाला? मला त्याचं चोख उत्तर देता येत नाही. अब्बांच्या हाताचा घाम त्या स्टिअरिंगला लागला आहे, एवढंच. पण आठवण जपायची तर तिचे ब्रेकही जपायला हवेत.

आता दर शनिवारी रात्री मुलगा जीपखाली जुना पेपर अंथरतो. रविवारी सकाळी आम्ही तो वाचतो. काळा डाग इंजिन ऑइलचा, दाट उग्र वासाचा गिअरचा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ ओल दिसली तर ती ब्रेकची. गेल्या रविवारी मागच्या डाव्या चाकापाशी तशी ओल दिसली. कराडला बहिणीकडे जायचं ठरलं होतं. आम्ही एसटीनं गेलो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)