वाफसा थांबत नाही : घरच्या वेल्डिंग मशीनची निवड

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर ‘वेल्डिंग मशीन’ हे शब्द वाचून मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. भाव, कर्ज, वीज असे डोंगराएवढे प्रश्न पडलेले असताना हे लोहारकाम मधेच कुठून आलं, असं वाटणं साहजिक आहे. पण मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे आणि कोरडवाहू शेतीचं शास्त्र एका शब्दात सांगायचं तर तो शब्द ‘वेळ’ हा आहे.

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव तुम्हाला मी सांगायला नको. ओली असली की चाकाला चिकटते, वाळली की भेगाळते. या दोहोंच्या मधे वाफशाचे जे दोन-चार दिवस मिळतात त्यात पेरलं ते पेरलं. खरीप ज्वारीची पेरणी जितकी लांबेल तितकी खोडमाशी जास्त लागते. रब्बी ज्वारी तर सगळी जमिनीत साठलेल्या ओलीवर. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिचा काळ, आणि त्यातही ओल रोज खाली सरकत जाते. कपाशीत पहिले दोन महिने तण आवरलं नाही तर नंतर कितीही निंदा, गेलेलं परत येत नाही.

आणि अवजार नेमकं केव्हा मोडतं? चालताना मोडतं. म्हणजे वाफशातच मोडतं. तिफणीचा फण सुटतो, वखराची पास तडकते, कल्टिव्हेटरचा दांडा वाकतो. पूर्वी गावात लोहार होता, सुगीला त्याचं बलुतं होतं, रात्री भाता पेटवून तो सकाळपर्यंत अवजार हातात देत होता. बलुतं गेलं, लोहाराची मुलं पोटासाठी शहरात गेली. आज वेल्डिंगचं दुकान तालुक्याला, तिथे पेरणीच्या दिवसांत वीस ट्रॅक्टर रांगेत, आणि नंबर लागला तर लाईट गेलेली. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबात अवजारांची झीज धरलेली असते. पण रॉडच्या दोन टाक्यांसाठी वाया गेलेला वाफसा कोणत्याही रकान्यात सापडत नाही. तो नुसता आपल्या पोटात जातो.

म्हणून गावात, वस्तीवर एक मशीन असावं हा विषय. कोणतं असावं, एवढंच आज बोलतो.

आधी काम मोजा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती अँपिअरचं दाखवू?’ हा प्रश्न ऐकण्याआधी घरी बसून वही काढा. गेल्या वर्षी काय काय मोडलं, त्याची यादी करा. वखर, डवरा, तिफण, बैलगाडीची साटी, गोठ्याचं दार, ट्रॉलीचा हुक. यातलं बहुतेक लोखंड तीन ते आठ मिलिमीटर जाडीचं निघेल.

आता रॉडचा हिशेब. रॉडच्या जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर. बाजारात ज्याला १२ गेज म्हणतात तो रॉड २.५ मिलिमीटरचा, त्याला ६० ते ९० अँपिअर लागतात. १० गेज म्हणजे ३.१५ मिलिमीटर, त्याला ९० ते १३०. ८ गेज म्हणजे ४ मिलिमीटर; त्याला १४० ते १८०. आपलं जवळजवळ सगळं काम पहिल्या दोन रॉडांत होतं. ट्रॉलीच्या हुकासारखं जाड काम असलं तर कड घासून खाच करायची आणि दहा गेजने थरावर थर द्यायचा. म्हणजे खरोखर २०० अँपिअर देणारं मशीन घरच्या कामाला पुरून उरतं.

‘खरोखर’ हा शब्द मी जपून वापरतो. घरच्या सिंगल फेजवर चालणाऱ्या छोट्या मशीनवर ‘४००’ असा आकडा छापलेला असला तर तिथेच हिशेब मांडा. ४०० अँपिअरला आर्कचा दाब साधारण ३६ व्होल्ट लागतो. दोन्हींचा गुणाकार १४,४०० वॅट. एवढी वीज २३० व्होल्टवर ओढायची तर साठ अँपिअरहून जास्त लागतील. घराच्या कोणत्या वायरीतून येणार ते? बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र बघून आपण बियाणं घेत नाही. मशीनही रंगीत आकडा बघून घेऊ नका.

मागच्या बाजूला धातूची छोटी पट्टी असते, ती वाचा. त्यावर टक्के दिलेले असतात. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती. २०० अँपिअरला २० टक्के असलेलं मशीन साधारण ११५ अँपिअरला ६० टक्क्यांच्या जवळ येतं, म्हणजे दहा गेजचं काम त्यावर भागतं. ही मोजणी ४० अंश तापमानाला केलेली असते. आपली दुरुस्ती मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला, तेव्हा मशीनला सावली आणि थोडी जास्त विश्रांती द्या.

दोन जातीची मशीनं

पहिली जात जुन्या ट्रान्सफॉर्मरची. वजनाला बैलाच्या खांद्याची आठवण करून देणारी, पण तब्येतीने दणकट. धूळ सोसते, बिघडली तर तालुक्याचा मोटार भरणारा भरून देतो, आत तांबं असेल तर मोडीतही किंमत येते. घेताना तांबं आहे की अॅल्युमिनियम हे मात्र बिलावर लिहून घ्या. तिचा दोष एकच, ती वीज फार ओढते. दहा गेजचा रॉड चालवताना २३० व्होल्टवर ती तीस-पस्तीस अँपिअर घेते. घरातले दिवे मिणमिणतात, शेजारी भांडायला येतो. म्हणून असली बरीच मशीनं दोन फेजवर चालवतात. आणि शेतीपंपाच्या लाईनला थ्री फेज ठरलेल्या तासांनाच असते, अनेकदा रात्री.

दुसरी जात इन्व्हर्टरची. पाच-दहा किलोची पेटी, एका हातात उचलून बांधावर नेता येते. तोच रॉड चालवायला ती साधारण १८ ते २० अँपिअर घेते, बारा गेजला तर तेरा-चौदा. बाहेर डीसी करंट मिळतो, त्यामुळे आर्क स्थिर राहतो आणि नवशिक्याचा हातही लवकर बसतो. तिचा दोष असा की आत नाजूक पट्ट्या आहेत. धूळ, कापसाचे तंतू, पावसाची ओल आणि लाईट येताना बसणारा झटका हे तिचे शत्रू. पट्टी जळली तर गावात इलाज नाही.

मग निवडायचं कोणतं? रोज दुकान चालवायचं, थ्री फेजचं कनेक्शन आहे, तर ट्रान्सफॉर्मर. घरचं आणि वस्तीचं काम, गावठाणातला सिंगल फेज, तर इन्व्हर्टर. पण इन्व्हर्टर घेताना दोन प्रश्न विचाराच. किती कमी व्होल्टेजवर चालेल? आपल्या डीपीच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळी किती व्होल्ट असतात ते आधी मीटर लावून मोजा आणि तो आकडा दुकानदारासमोर ठेवा. आणि दुसरा, दुरुस्ती कोण करणार, कुठे? उत्तर ‘कंपनीला पाठवू’ असं आलं तर पुढच्या दुकानात जा. जूनमध्ये पाठवलेलं मशीन दिवाळीला आलं तर काय करायचंय?

सीओटू गॅसचं मशीन पातळ पत्र्याला छान. पण उघड्यावर वाऱ्याने गॅस उडून जातो आणि टाका पोकळ राहतो. बांधावर आपला साधा रॉडच बरा.

वायर आणि मीटर

मशीन चांगलं आणि वायर भिकार, हे बैल जोडीचा आणि जू पोकळ अशातलं होतं. घरापासून पन्नास मीटरवर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने मशीन चालवलं तर वीस अँपिअरला पंचवीस व्होल्टच्या आसपास वायरीतच जातात. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर नऊ-दहाच जातात. मशीनसाठी वेगळी वायर, वेगळा ३२ अँपिअरचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच. घरच्या मीटरचा मंजूर भार अपुरा असेल तर वाढवून घ्या.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर मशीन लावू नका. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरली की दुप्पट दराने आकारणी होते. पैसे घेऊन दुसऱ्यांची कामं करायची तर घरगुती मीटर चालेल का, हे आधी वीज कार्यालयात विचारून घ्या. सौर पंपाच्या पाट्यांवरही हे मशीन चालत नाही. ती व्यवस्था फक्त मोटारीसाठी बांधलेली असते.

रॉड, टाका आणि जीव

रोजच्या लोखंडाला ६०१३ रॉड. जिथे झटका बसतो, जिथे तुटलं तर माणूस मरेल, अशा हुकाला ७०१८. हा रॉड ओल सोसत नाही. लहान पाकीट घ्या आणि फोडलं की संपवा. रॉडच्या डब्यावर आयएस ८१४ चा शिक्का बघा. पावसाळ्यात रॉड झाकणाच्या डब्यात ठेवा.

कमानपट्ट्याची पास जोडताना आधी ती गरम करा, आणि टाका झाल्यावर पाण्यात बुडवू नका. चुलीच्या राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्या. पाण्यात बुडवलेली पास टाक्याशेजारी काचेसारखी फुटते. बिडाच्या वस्तूला साधा रॉड लावण्यात पैसे घालवू नका. ट्रॅक्टरवर टाका मारायचा असेल तर बॅटरीची टर्मिनलं काढा आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब करतो.

कडबा, पऱ्हाटीचा ढीग, कापूस भरलेली खोली यांच्याजवळ मशीन चालवू नका. एक ठिणगी वर्षाचं पीक नेते. डिझेलच्या रिकाम्या टाकीला टाका मारायचा नाही म्हणजे नाही. जस्ताच्या पाइपाचा धूर छातीत जाऊन ताप येतो. जस्त आधी घासून काढा. डोळ्यांवर १० किंवा ११ नंबरची काच, अंगात सुती कपडे, टेरिलीन नको. ओल्या मातीत उभं राहून रॉड बदलू नका. होल्डरवर साठ ते ऐंशी व्होल्ट असतात.

मशीन कुणाचं?

शेवटचा प्रश्न पैशाचा. वहीतली यादी पुन्हा काढा. समजा वर्षाला बारा खेपा झाल्या आणि गाडीभाडं, मजुरी, बुडालेला रोज धरून खेपेला तीनशे रुपये गेले, तर छत्तीसशे झाले. मशीन, वायर, ग्राइंडर, काच यांची दुकानातली बेरीज त्याच्या शेजारी लिहा. एका घराला तीन-चार वर्षांत फिटत नसेल तर एका घराने घेऊ नये. पाच घरांना मिळून नक्की फिटेल.

पण पाच जणांनी वर्गणी काढून मशीन घेतलं तर काय होतं ते आपल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलंय : भागीचे घोडे किवणाने मेले. म्हणून मालक एकच ठेवा, बाकीच्यांनी ठरलेला दर रोख द्यावा, त्यातून रॉड आणि वीजबिल निघावं, आणि पेरणीच्या दिवसांत ज्याचं अवजार आधी आलं त्याचं काम आधी. त्या घराने मीटरही त्या कामाला साजेसं करून घ्यावं. आणि मशीनच्या आधी माणूस ठरवा. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे. गावातला एखादा पोरगा, एखादी पोरगी शिकली तर मशीन चालेल. नाहीतर ती पेटी कोनाड्यात बसेल आणि आपण पुन्हा तालुक्याच्या रांगेत.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत : वर्षात किती अवजारं मोडली, दुरुस्तीत किती दिवस गेले, आणि संध्याकाळी शेवटच्या खांबावर किती व्होल्ट असतात. ते हाती आले की कोणत्या गावाला कोणतं मशीन, हे आपण एकत्र बसून मृगाच्या आधी ठरवू.