गोधडी : शिकण्याची आणि शिकविण्याची कला

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शिवणवर्गातील भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शिवणवर्गात यंदापासून गोधडी शिकवावी असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला, तेव्हा दोन मते पडली. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, जुन्या लुगड्यांना ठिगळे लावणे हे विपन्नावस्थेचे लक्षण आहे. पन्नास वर्षांच्या संस्थेने मुलींना संगणक शिकवावा, चिंध्या जोडणे कशाला? काहींचे म्हणणे असे की, अवश्य शिकवावे, परंतु शिलाई यंत्रावर, तीन महिन्यांत आणि प्रमाणपत्रासह. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य कापड मोजण्यात गेले. सुई धरणे हे माझे क्षेत्र नव्हे. तथापि कापड मी ओळखतो आणि हिशेबही मांडू शकतो. त्या बळावर दोन्ही मतांविषयी माझी असहमती नम्रपणे नोंदवितो.

गोधडी म्हणजे काय हे आपणांस ठाऊकच आहे. कोणी तिला वाकळ म्हणतात, कोणी लेपडे म्हणतात; आपल्या मारवाडी घरांत ती गुदडी होते. तान्ह्या बाळासाठी केले की तेच दुपटे. रजईत पिंजलेला कापूस भरावा लागतो; गोधडीत कापडावर कापडाचे थर असतात आणि धावदोरा त्यांना एकत्र धरून ठेवतो. कल्पना इतकी साधी आहे की हिंदुस्थानभर ती निरनिराळ्या नावांनी आढळते. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवांदी. या कवांदीच्या चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची 'फुला' लावतात; ती नसेल तर कवांदी उघडी राहिली असे त्या मानतात. सुजनीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्राच्या गोधडीवर गीता खंडेलवाल यांनी गावोगाव हिंडून लिहिलेला ग्रंथ फ्रान्समधील एका प्रकाशनसंस्थेने काढला. परदेशी मंडळी ज्या वस्तूचा सचित्र ग्रंथ काढतात ती आपण पाहुणे आले की कपाटात दडवितो, एवढेच पहिल्या मताच्या मंडळींना सांगावेसे वाटते.

आता कापडाकडे वळतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथे आहे. गोधडीला सुतीच कापड लागते, आणि तेही वापरून मऊ झालेले. नव्या कापडात कांजी असते, सुई अडखळते, आणि पहिल्या धुण्यात ते आटले की थर सुरकुततात. जुने नऊवारी लुगडे वर्षानुवर्षे धुतले गेल्याने जे आटायचे ते आटून गेलेले असते. ते घाम शोषते आणि अंगाला बिलगते. पूर्वी लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग काढून दंड घालीत. दंडाचे लुगडेही थकले की मग ते गोधडीत जाई. वरचा आणि खालचा पदर धडक्या लुगड्यांचा, आत धोतरे, सदरे, चादरी, जे असेल ते. घरातील कापड वाया जात नसे.

ही साखळी तुटली ती आपल्या डोळ्यांदेखत. घरोघरी बोहारीण येऊ लागली आणि जुन्या लुगड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देऊ लागली. नऊवारी मागे पडून सहावारी आली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांच्या स्वस्त सुती मालाचा ओघ आटत गेला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. व्यापारी म्हणून मला त्या साड्यांची तक्रार करण्याचा अधिकार नाही. गिऱ्हाईक टिकाऊ, न चुरगळणारे आणि लवकर वाळणारे कापड मागत होते, आणि आम्ही ते विकले. परंतु पॉलिएस्टरची साडी गोधडीत घातली की थर एकमेकांवरून सरकतात, आणि उन्हाळ्यात ती पाठीला चिकटते. आपल्या परिसरात सुती चिंध्यांना आणखी एक मोठे गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे कारखाने. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या वर्कशॉपांत यंत्रावरचे तेल पुसायला सुतीच कापड लागते. आपल्या आजीचे पातळ गोधडीत न जाता लेथ मशीन पुसण्यात संपले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याच कारखान्यांनी गोधडी येथे आणली, हेही तितकेच खरे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची उभारणी सुरू झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, टेल्को आणि बजाज आले, आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून माणसे एका खोलीच्या संसारात येऊन राहिली. ट्रंक आणि गोधडी एवढेच त्यांचे सामान. त्यांच्या घरातील ज्या आया-आज्या आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या हातांत ही विद्या आहे. त्यांच्या मुली नोकरीला लागल्या, सुनांना वेळ नाही. कागदावर तर काहीच लिहिलेले नाही. म्हणून मी घाई करतो आहे.

दुसरे मत असे की तीन महिने पुरेत. यावर मी आपल्याच गावचा दाखला देतो. येथील कारखान्यांत शिकाऊ फिटरला पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देत नाहीत. लोखंडाचा तुकडा शेगड्यात धरून त्याला कानस चालवायला बसवितात, दिवसच्या दिवस. तुकडा सपाट होतो हा भाग गौण; खरा हेतू हा की हाताला सपाटी कळावी. गोधडीचेही तसेच आहे. जमिनीवर खालचे कापड ताणून पसरायचे, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, आतले तुकडे असे लावायचे की कोठे जाडी नाही, कोठे पोकळी नाही. मग वरचे कापड घालून मोठ्या कच्च्या टाक्यांनी ते बांधून घ्यायचे, आणि कडेने सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे यायचे. डावा तळवा कापडावरून फिरत असतो. आतला तुकडा गोळा झाला की आधी त्या तळव्याला कळते. दोरा जास्त ओढला की कापड चुण्या धरते, सैल सोडला की धुण्यात टाका उचकटतो. किती ओढायचा हे मी तुम्हांला शब्दांत सांगू शकत नाही, आणि ज्यांना येते त्याही सांगू शकत नाहीत. विचारले तर म्हणतात, 'बस इथं, बघ.' तेवढाच अभ्यासक्रम. शिकणारीला गोधडीची एक बाजू देतात, दुसऱ्या बाजूला स्वतः बसतात, आणि दोघींच्या फेऱ्या कोपऱ्यावर मिळतात तेव्हा कोणाचा टाका कसा पडला हे आपोआप दिसते. चुकला तर न बोलता उसवतात. (आमच्या महाविद्यालयात ही पद्धत असती तर लेखाशास्त्र मला लवकर समजले असते.)

यंत्राला माझा विरोध नाही. रस्तोरस्ती 'गोधडी शिवून मिळेल' अशा पाट्या दिसतात, आणि ज्यांना स्वस्त पांघरूण हवे त्यांची त्यामुळे सोयच होते. परंतु यंत्राची शिलाई घट्ट बसते आणि थर आवळून टाकते. हातच्या टाक्यांमध्ये कापडाला थोडी जागा राहते, तेथे हवा राहते, आणि ऊब त्या हवेची असते. शिवाय जे बाजारात सर्वत्र मिळते ते शिकविण्यास आपली संस्था कशाला हवी?

आता हिशेब. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी धरा, म्हणजे सुमारे १८० गुणिले १२० सेंटिमीटर. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर ठेवले तर एकूण शिवण १०८ मीटर होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर १०,८०० टाके. मिनिटाला दहा टाके पडतात असे मानले, तरी केवळ शिवायला १८ तास लागतात. धुणे, उसवणे, कापणे आणि पसरणे निराळे. तासाला साठ रुपये मजुरी धरा, १,०८० रुपये झाले. याहून कमी किमतीत मऊ लोकरीसारखे दिसणारे कृत्रिम ब्लँकेट बाजारात मिळते, ते मीही विकतो. त्याच्याशी किमतीची स्पर्धा करायला गेलो तर शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतून ती भरून काढावी लागेल, आणि बहुतेक ठिकाणी तेच घडते. म्हणून माझी सूचना अशी की संस्थेने विक्रीचे दालन उघडण्याच्या फंदात पडू नये. ज्या घरात आजीची लुगडी जपून ठेवलेली आहेत त्या घराने ती आणावीत, त्यांचीच गोधडी करून घ्यावी, आणि मजुरी तासांवर द्यावी. असे गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. निदान कमी करते.

शिकविणाऱ्या आजींना संस्थेने मानधन द्यावे, आणि ते शिवणवर्गाच्या शिक्षिकांना मिळते त्यापेक्षा कमी नसावे. 'सेवाभावाने शिकवतील' हे वाक्य बैठकीत उच्चारले गेले, ते इतिवृत्तातून वगळावे अशी माझी विनंती आहे. त्यांच्यापैकी काहींना सही करता येत नाही. त्याने काही अडत नाही. त्यांच्यासाठी उंच टेबल-खुर्च्या नकोत, सतरंजी आणि उत्तरेकडील खिडकीचा उजेड हवा. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकायला लोड ठेवावेत. एका आजींसमोर चारच मुली बसाव्यात, आणि पहिली गोधडी दुपट्याएवढी असावी, म्हणजे ती पूर्ण होते आणि धीर येतो. प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर गोधडी तीन वेळा धुतल्यानंतर द्यावे.

कापडाची जबाबदारी मी घेतो. जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी आपण माझ्या दुकानात आणून द्याव्यात. स्वच्छ धुतलेल्या, गुंड्या आणि फॉल काढलेल्या. काठावरचा एक धागा जाळून पाहिला की सूत आणि पॉलिएस्टर ओळखता येते, सुताची राख होते आणि दुसऱ्याचा कडक मणी. मणी झालेली साडी साभार परत मिळेल.